दोल्मातोवच्या पाठीखाली

मी एक साचा बोलतोय. अंतराळात जाणाऱ्या माणसाच्या पाठीखाली, यानातल्या खुर्चीत घट्ट बसवलेला असतो, तो साचा. लोक रॉकेट बघतात, हात हलवणारे अंतराळवीर बघतात. मला कुणी बघत नाही, कारण माझ्यावर माणूस पडलेला असतो.

माझं खरं काम एका क्षणाचं. परत येताना यान छत्रीला लोंबकळत खाली येतं आणि कझाकस्तानच्या माळावर आदळतं. तो दणका माणसाच्या मणक्यानं खायचा की मी, एवढाच प्रश्न असतो. मी पाठीला नीट लागून असलो तर माणूस आपल्या पायांनी चालतो. मध्ये पोकळी राहिली तर मणका मोडतो. म्हणून प्रत्येकाचा साचा वेगळा, त्याच्याच अंगावरून काढलेला.

मी वालेरियान लुकिच दोल्मातोव याच्या अंगावरून काढलेला आहे. आणि मला त्याचा मणका मोडायचा होता.

माझा जन्म मॉस्कोबाहेर, बर्चच्या रानातल्या एका कारखान्यात झाला. तिथे साचे करणारी दोनच माणसं होती. पाखोम नावाचा म्हातारा प्लास्टर कालवायचा आणि ताया मावशी सुरीनं साचा कोरायची. तिचं पूर्ण नाव ताइसिया अर्खिपोव्ना झिमिना. एकसष्ट वर्षांची, ठेंगणी, मनगटं मात्र सुताराची. अख्खा कारखाना तिला मावशीच म्हणायचा. तिचं पूर्ण नाव विचारायची वेळ कुणावर आली नव्हती.

दोल्मातोव आला तो पांढऱ्या विणलेल्या कपड्यांत, पायांत घरातल्या सपाता घालून. उंच, रुंद खांद्यांचा, हसरा. गुडघे पोटाशी घेऊन तो हौदात उताणा झोपला आणि पाखोमनं त्याच्याभोवती कोमट प्लास्टर ओतलं.

"मावशी, साचा मऊ करा हं," तो म्हणाला. "सहा महिन्यांनी परत येताना ह्याच्यातच निजायचंय मला."

"हलू नका," ताया मावशी म्हणाली.

"रागावलात?"

"हललात तर ठसा बिघडतो. म्हणून सांगतेय."

अर्ध्या तासानं पाखोमनं त्याला बगलेत हात घालून वर काढलं. त्याच्या पाठीचा जो खोलगट ठसा मागे उरला, तो मी. त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित खाली आहे, कमरेचा बाक खोल आहे, हे त्याच्या बायकोपेक्षाही मला नीट कळलं असेल. तो कपडे बदलून शीळ घालत गेला. दार बंद झालं. पाखोम बादली धूत होता. तो मान न वळवता म्हणाला, "ओळखलं नाही त्यानं तुला."

"कसा ओळखेल? केशाच्या अंत्यविधीला तो आला होता कुठे?"

केशा म्हणजे इन्नोकेन्ती, ताया मावशीचा धाकटा भाऊ. तो माणसांना अंतराळासाठी तयार करणारा प्रशिक्षक होता. पुढचे तीन आठवडे ती दोघं माझ्यावर वाकून काम करत होती आणि बोलत होती, त्यातून मला सगळं समजलं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. हवा काढून घेतलेल्या एका खोलीत सराव चालला होता. दोल्मातोव पूर्ण पोशाखात आत होता. लागून एक अरुंद कोठडी होती, तिच्यात केशा शिडीवर उभा होता, तोंडाला नुसता प्राणवायूचा मुखवटा. केशानं काचेतून हात वर केला की मगच दोल्मातोवनं मधल्या दाराची मूठ फिरवायची, असं ठरलेलं. त्या दिवशी मोहिमेचा कमांडर कोण हे ठरवणारी मंडळी बाहेर घड्याळ घेऊन बसली होती. दोल्मातोवला घाई झाली. त्यानं आधीच मूठ फिरवली आणि केशाच्या कोठडीतली हवा एका झटक्यात निघून गेली.

केशाला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या तोंडातून रक्त येत होतं.

चौकशीत दोल्मातोवनं लिहून दिलं की प्रशिक्षकानं हात वर केला, त्यानंतरच मी मूठ फिरवली. कोठडीचा तो कोपरा कॅमेऱ्यात येत नव्हता. केशा म्हणत राहिला की मी इशारा दिलाच नाही. पण तो बेशुद्ध पडलेला माणूस, त्याच्या आठवणीवर कोण विश्वास ठेवणार? दोष त्याच्यावर आला. नोकरी गेली. प्रशिक्षण केंद्राच्या भिंतीवर प्रशिक्षकांच्या नावांची पाटी होती, तिच्यावरून त्याचं नाव उतरवलं. फाटकी फुप्फुसं घेऊन तो बहिणीच्या घरी दोन वर्षं खोकत राहिला आणि तिसऱ्या हिवाळ्यात गेला.

"शेवटपर्यंत एकच म्हणत होता," ताया मावशी पाखोमला म्हणाली. "ताया, माझे दोन्ही हात शिडीवर होते गं. हात वर करायला मोकळा हातच नव्हता."

त्या दिवसापासून मी दोल्मातोवचा वैरी झालो. लाकूड, लोखंड, प्लास्टर यांना राग येत नाही असं तुम्हाला वाटत असेल. ज्या हातांनी मला घडवलं त्यांचा राग माझ्यात उतरला, एवढंच मी सांगू शकतो.

मग तो दिवस आला ज्याची मी वाट बघत होतो. ताया मावशीनं सुरी घेतली आणि माझ्या कमरेच्या बाकावर टेकवली. ही जागा सगळ्यात नाजूक. इथलं थोडं जास्त कोरलं गेलं तर वरून कळतही नाही. माणूस निजतो, त्याला बरं वाटतं, आणि आदळताना तिथेच मणका तुटतो.

पाखोमनं तिच्याकडे बघितलं आणि दाराला आतून कडी घातली.

"मी काही बघितलेलं नाही," तो म्हणाला.

"कडी काढ."

"ताया, तुझ्या जागी मी असतो तर..."

"तू असतास तर साचा तसाही वाकडाच झाला असता. कडी काढ म्हणते ना."

मी मनातून ओरडत होतो की काप, बोटभर काप, कुणाला कळणार नाही. तिनं कापलं नाही. तिनं मला असं घासलं की चाळीस वर्षांत तसा साचा तिच्या हातून झाला नव्हता. दोल्मातोव पोशाख घालून माझ्यात निजून बघायला आला तेव्हा म्हणाला, "मावशी, हा तर आईच्या मांडीसारखा झालाय." मला तिचा संताप आला. भावाच्या खुन्याला कुणी मांडी देतं का?

पण तिचं काम संपलं नव्हतं. माझ्यावर कापडाचं अस्तर शिवायचं होतं. ते शिवण्याआधी तिनं पेन्सिल घेतली आणि माझ्या कमरेच्या बाकात, बरोबर त्या नाजूक जागी, ठसठशीत अक्षरांत एक ओळ लिहिली. मग वर अस्तर घातलं, टाके नेहमीपेक्षा सैल घेतले आणि निगा कशी राखायची त्या कागदावर लिहिलं: 'परतीच्या दोन महिने आधी अस्तर सोडून वाळवावे. घाम धरतो.'

पाखोमनं ती ओळ वाचली होती. तो हसला नाही. "ह्यापेक्षा सुरी बरी होती," एवढंच म्हणाला.

आम्ही निघालो. दोल्मातोव मधल्या खुर्चीत, डावीकडे नुरिया साबितोवा ही काझानची डॉक्टर, उजवीकडे ओवेन नावाचा कॅनडाचा शांत माणूस. उड्डाणाची नऊ मिनिटं दोल्मातोवचं सगळं वजन, चौपट होऊन, माझ्यावर होतं. त्याच्या बरगड्या माझ्यात रुतत होत्या. मी त्याला उचलून धरलं होतं आणि दात असते तर चावलं असतं.

मग वजन गेलं. यान स्थानकाला जोडलं गेलं, झडप उघडली, आधीच्या लोकांनी मिठ्या मारल्या आणि तिघं आत निघून गेले. मी यानात अंधारात राहिलो. चार महिने मला कुणी विचारलं नाही. लांबून त्याचं हसणं ऐकू यायचं. तो तिथे सगळ्यांचा लाडका होता. ओवेनच्या वाढदिवसाला त्यानं डब्यातल्या मधाचा केक केला म्हणे. नुरियाला घरची आठवण आली की तो तिला विनोद सांगायचा. वाईट माणूस चोवीस तास वाईट नसतो, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

चार महिन्यांनी तो कागद हातात घेऊन आला. माझ्यात निजून बघितलं, मग सांगितल्याप्रमाणे अस्तराचे टाके सोडले. कापड बाजूला तरंगलं. त्यानं टॉर्च धरली.

'त्याचे दोन्ही हात शिडीवर होते.'

एवढंच होतं. नाव नाही, सही नाही. त्यानं ते वाचलं आणि टॉर्च त्याच्या हातातून सुटली, तिथेच गोल फिरत राहिली. मी इतका सुखावलो की सांगता येत नाही.

"काय झालं, वालेरियान लुकिच?" झडपेतून नुरियानं विचारलं.

"काही नाही. शिवण उसवलीय."

त्याच दिवशी त्यानं खाली पृथ्वीवर विचारलं, साचा करणाऱ्या मावशींचं पूर्ण नाव काय. खालून उत्तर आलं, ताइसिया अर्खिपोव्ना. तिकडे माणसाच्या नावात बापाचं नाव असतंच. मेलेला इन्नोकेन्ती अर्खिपोविच होता. त्याला ते जोडायला वेळ लागला नाही.

तिथून त्याची झोप उडाली. रोज तो काही ना काही निमित्त काढून यानात यायचा. दोरीनं मला मोजायचा, अंगठ्यानं कमरेचा बाक दाबायचा, माझ्यात निजायचा, उठायचा, पुन्हा निजायचा. पण तिथे वजनच नसतं, म्हणून मी बरोबर आहे की नाही हे कुणालाच दाबून कळत नाही. शिवाय वर गेल्यावर माणसाचा मणका दोन-तीन बोटं लांबतो. ते वाढलेलं माप आणि माझं माप जुळतं का, हे फक्त जमिनीवर आदळताना कळणार होतं. हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही.

त्यानं खालून माझी मापं मागवली. खालून कळवलं की सगळी मापं बरोबर आहेत, शंका का आली ते सांगा. ते तो सांगू शकत नव्हता. अस्तराखालची ओळ दाखवायची तर ती कुणाबद्दल आहे तेही सांगावं लागलं असतं.

शेवटी त्यानं साचा करणाऱ्यांशी बोलायची परवानगी मागितली. ठरल्या वेळी ताया मावशी नियंत्रण कक्षात आली. वर नुरिया आणि ओवेन ऐकत होते, खाली तीसेक माणसं.

"ताइसिया अर्खिपोव्ना," तो म्हणाला. मावशी म्हणाला नाही. "साच्यात काही राहून तर गेलं नाही ना?"

"काय राहिलंय असं वाटतं तुम्हाला?"

"तुम्ही सांगा."

"मी माझं काम करून दिलंय. तिथे दोघंच होते, वालेरियान लुकिच. काय झालं ते तुम्हालाच ठाऊक. तुम्ही सांगा, मी ऐकतेय."

त्यानं बोलायचं बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. खालच्या माणसांना वाटलं संपर्क तुटला.

"काही नाही," तो म्हणाला. "सहज विचारलं."

नुरिया दुसऱ्या दिवशी यानात आली. तिनं स्वतःच अस्तर बाजूला केलं आणि ओळ वाचली. तो मागे तरंगत होता. "हे कोणाबद्दल आहे?" तिनं विचारलं. तो सांगायला लागला, तशी तिनं हात वर केला.

"मला नका सांगू. मी डॉक्टर आहे, तुमचे ठोके मोजते. दोन महिने तुम्ही झोपला नाहीत. उद्या तुम्ही आम्हाला घेऊन खाली जायचंय आणि तुमचे हात थरथरतायत. ज्यांना सांगायचं त्यांना सांगा, नाहीतर खुर्ची ओवेनला द्या."

परतीच्या दिवशी सकाळी, झडप लावायच्या आधी, दोल्मातोवनं केंद्राच्या प्रमुखांना संपर्कावर बोलावून घेतलं. सगळे ऐकत असताना, सगळं ध्वनिमुद्रित होत असताना तो म्हणाला, "इन्नोकेन्ती अर्खिपोविच यांनी इशारा दिला नव्हता. त्यांचे दोन्ही हात शिडीवर होते. मी घाई केली. लिहून दिलं ते खोटं होतं."

प्रमुखांनी विचारलं, "हे आजच का सांगताय?"

"आज सांगितलं नाही तर कदाचित सांगताच येणार नाही."

त्याला वाटत होतं तो मरायला निघालाय. मलाही वाटत होतं, सत्य सांगितलं म्हणून काय झालं, शिक्षा व्हायलाच हवी.

आम्ही सुटलो. खिडक्यांबाहेर आग लागली, त्याचं वजन परत माझ्यावर आलं, मग छत्री उघडली आणि आम्ही झोके घेत खाली जायला लागलो. खुर्च्या वर उचलल्या गेल्या, दणक्यासाठी. त्यानं हात छातीवर घेतले. "जीभ आत घ्या," तो इतर दोघांना म्हणाला, त्याही वेळी. त्याची पाठ माझ्यात दगडासारखी झाली होती. मणका वर लांबला होता, आणि ताया मावशीनं डोक्यापाशी बरोबर तेवढीच जागा ठेवलेली होती. त्याच्या कमरेचा बाक माझ्या बाकात जाऊन बसला, मध्ये कागदही गेला नसता.

त्या क्षणी मला कळलं की माझ्या हातात काही नाही. मी सरळ घडवला गेलो होतो. वाकडं होणं मला येतच नव्हतं.

आम्ही आदळलो. नुरिया कळवळली, ओवेन त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. सगळा दणका मी खाल्ला. दोल्मातोवला काहीही झालं नाही. माणसांनी झडप उघडली, गवताचा आणि जळक्या मातीचा वास आत आला, आणि तो हुंदके देऊन रडत होता. बाहेरच्यांना वाटलं, आनंदानं.

पुढचं सगळं भराभर झालं. दोल्मातोवला उड्डाणातून कायमचं काढलं, हुद्दा गेला. केशाचं नाव पाटीवर परत आलं. ताया मावशीनं अंतराळात जाणाऱ्या वस्तूवर परवानगीशिवाय लिहिलं होतं, म्हणून मला कारखान्यात परत आणून तिचीही चौकशी झाली. तिनं काही लपवलं नाही. तिला कारखाना सोडावा लागला. तिच्यानंतर पाखोमनं दोन साचे केले आणि दोन्ही नापास होऊन परत आले.

तिच्या शेवटच्या दिवशी नुरिया तिला भेटायला आली, हातात केकचा खोका. तो टेबलावर ठेवून ती म्हणाली, "मावशी, तुमचा भाऊ निर्दोष होता, ते कळलं हे बरंच झालं. पण त्या माणसाच्या हातात माझाही जीव होता. हात थरथरणारा माणूस तुम्ही माझ्या शेजारी बसवलात. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवेना."

ताया मावशीनं खोक्याची दोरी सोडली. "खरंय तुझं," ती म्हणाली. "तुझा विचार मी केला नाही. कोणाचाच केला नाही." मग तिनं केक कापला, पाखोमसह तिघांनी चहा घेतला आणि नुरिया गेली.

त्याच दुपारी दोल्मातोव आला. काठी नाही, लंगडणं नाही. दारातच उभा राहिला.

"मला एवढंच विचारायचं होतं," तो म्हणाला. "साच्यात तुम्ही काय केलं होतंत?"

"काही नाही."

"म्हणजे मी बोललो नसतो तरी..."

"तरी असेच चालत आला असतात. चाळीस वर्षांत माझ्या साच्यात कुणाचा मणका मोडला नाही. तुमच्यासाठी मी ते मोडणार होते होय?"

तो भिंतीला टेकला. त्याचा चेहरा मी तेव्हा बघितला. मणका मोडला असता तर तो मोठा माणूस झाला असता, जखमी वीर झाला असता. आता तो नुसता भीतीपोटी खरं बोललेला माणूस होता, आणि हे त्याला, तिला आणि मला माहीत होतं. मी मागितला होता त्यापेक्षा हा सूड जास्त खोल गेला.

"घेऊन जा हा," ती माझ्यावर हात ठेवून म्हणाली. "तुमच्या मापाचा आहे. दुसऱ्या कुणाला बसायचा नाही."

त्यानं नको म्हणून मान हलवली.

"घेऊन जा म्हणतेय ना."

त्यानं मला उचललं.

त्याला आता अकरा वर्षं झाली. मी त्याच्या गावाबाहेरच्या लाकडी घरात, पडवीत उभा आहे. त्याची बायको दर उन्हाळ्यात म्हणते, "हे धूड शेकोटीत घालू का?" तो म्हणतो, "राहू दे." कधी कधी तो एकटाच येतो, गुडघे पोटाशी घेऊन माझ्यात निजतो. आता तो नीट बसत नाही. पाठीला पोक आलंय, खांदे आत गेलेत. मग तो उठतो, माझ्यावर चादर टाकतो आणि जातो. ताया मावशी दोन वर्षांपूर्वी वारली. तिच्या अंत्यविधीला तो गेला होता, सगळ्यात मागे उभा होता, असं बायको शेजारणीला सांगत होती.

मी त्याला क्षमा केलेली नाही. मला ती येत नाही, कुणी शिकवलीच नाही.

हे घर आता विकायला काढलंय. उद्या-परवा घर बघायला आलेला कुणी अनोळखी माणूस चादर काढेल, मला बघेल, गंमत म्हणून माझ्यात बसायला जाईल. त्याला माझी एकच विनंती आहे. बसू नका. मला हवं तर फोडा, जाळा, पण ही जागा दुसऱ्या कुणाची नाही. ती वालेरियान लुकिच दोल्मातोवची आहे, आणि तो गेल्यावरही त्याचीच राहील.